निखाऱ्यावरचे मांस आणि आमचे घर

बोकडाच्या बरगडीचे तुकडे, ज्यांस खाटीक ‘चाप’ म्हणतो, वाटणात मुरवून निखाऱ्यावर भाजण्याचा बेत घरात ठरला, की पेडणे-डिचोलीकडील आमच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठी पडते. ‘हे साहेबी खाणे!’ असा शेरा मिळतो. तरुण मंडळीही तेच समजून, परंतु कौतुकाने, हा पदार्थ मिरवितात. दोघांचाही समज इतिहासास धरून नाही, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

डिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वर आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. मूळ देवस्थान दिवाडी बेटावरचे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते उद्ध्वस्त केल्यावर देव नदीपलीकडे आला आणि 1668 साली शिवछत्रपतींनी त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार केला. हा देव गोव्याच्या कदंब राजांचे आराध्यदैवत. त्याच्या वरप्रसादाचा उल्लेख त्यांनी आपल्या सोन्याच्या नाण्यांवरही कोरविला. या वंशातील दुसऱ्या जयकेशीस कल्याणीच्या चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याची कन्या मैळलदेवी दिली होती. तिचा भाऊ तिसरा सोमेश्वर म्हणजेच ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथाचा कर्ता.

सुमारे 1129 ते 1131 या काळात रचलेल्या या ग्रंथात राज्यनीतीपासून संगीतापर्यंत अनेक विषय आहेत आणि ‘अन्नभोग’ नावाचे एक प्रकरणही आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकर यांच्या संपादनाखाली तो 1925 पासून तीन भागांत प्रसिद्ध झाला. मांडे, वडे यांच्या पंक्तीस त्यात मांसाचे प्रकारही निःसंकोचपणे आले आहेत. मांसाच्या तुकड्यांस मसाला व आंबट रस लावून ते शूलावर भाजणे, काळिजाचे सुपारीएवढे तुकडे निखाऱ्यावर शेकून दह्यात घालणे, अशा कृती तेथे आढळतात. मुरविणे आणि भाजणे या दोन्ही क्रिया, पोर्तुगीज गलबते मांडवीत शिरण्यापूर्वी जवळजवळ चारशे वर्षे, आमच्या कदंबांच्या सोयऱ्यांच्या घरी ग्रंथित झाल्या होत्या.

मग परक्यांनी आणले काय? मिरची आणली, पपई आणली, दोन्ही अमेरिकेतल्या. सोमेश्वराच्या मसाल्यात तिखटपणा होता तो मिऱ्यांचा. द्राक्षासव आणि लसूण यांत मांस मुरविण्याची पोर्तुगीज रीत जुन्या काबिजादींत रुजली. आसवाच्या जागी माडाच्या सुरेचा शिर्का आला आणि तीतूनच ‘विंदालू’ झाले. ताटाशी धर्म कसा जोडला गेला, हे 1736 सालच्या इन्क्विझिशनच्या फर्मानावरून दिसते. त्याने ख्रिस्ती कुटुंबांस हिंदू रीतीने मिठावाचून भात शिजविण्याचीही बंदी केली. पेडणे व डिचोली हे महाल सावंतवाडीकरांकडून अठराव्या शतकाच्या अखेरीस, 1781 ते 1788 च्या दरम्यान, पोर्तुगिजांकडे गेले. तोवर त्या सत्तेचा पहिला धर्मावेश ओसरला होता. त्यामुळे आमच्या चुलीवर शिर्क्याने सोलांची व चिंचेची जागा घेतली नाही.

तेव्हा आमच्या घरची रीत अशी: तुकड्यांस मीठ, हळद, आले-लसूण, मिरी व दही चोळावे; मांस जून असेल तर कच्च्या पपईचा थोडासा कीस लावावा, अधिक लावल्यास त्याचा लगदा होतो. तीन-चार तास मुरू द्यावे. करवंट्यांचे निखारे ज्वाळा शमून राखेने पांढरे झाले म्हणजे मगच वर जाळी ठेवावी. चरबी गळून ज्वाळा उठल्यास मांस बाहेरून करपते व आत कच्चे राहते. सुका बांगडा चुलीत भाजणाऱ्या आमच्या आजींना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

सोमवार, श्रावण, देवकार्य या दिवशी आमच्या घरी निखारे पेटत नाहीत आणि देवाच्या नैवेद्यात मांस जात नाही. हा संयम आमचा आहे आणि तो पाळावयाचाच. परंतु इतर दिवशीचे अन्न परक्याचे म्हणून हिणविणे किंवा परक्याचे म्हणून मिरविणे, दोन्ही सोडावे. नार्व्याच्या देवास नमस्कार करताना त्याच्या भक्त राजांचे ताटही आपलेच होते, हे स्मरावे.