तलावफुटी

तलावफुटी म्हणजे तलावाचा किंवा धरणाचा बांध तुटून साठलेले पाणी एकाएकी खालच्या प्रदेशात लोटण्याची घटना होय. जगातील घातक सरोवरांपैकी काही विषारी वायूमुळे, तर काही उष्णतेमुळे किंवा किरणोत्सारामुळे जीवघेणी ठरली आहेत. महाराष्ट्रात जलाशयांमुळे ओढवलेल्या मोठ्या आपत्ती मात्र बांध फुटल्याने घडल्या. पुणे जिल्ह्यातील पानशेत (१९६१), रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे (२०१९) आणि कोल्हापूर जिल्ह्यातील मेघोली (२०२१) ही त्यांची उदाहरणे आहेत.

बांधाची रचना आणि फुटण्याची कारणे

महाराष्ट्रातील बहुसंख्य लहान तलावांचे बांध मातीचे असतात. अशा बांधाच्या मध्यभागी पाणी सहजासहजी न झिरपू देणाऱ्या चिकण मातीचा गाभा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाचे आवरण असते. लाटांपासून संरक्षण व्हावे म्हणून पाण्याकडील उतारावर दगडी अस्तर बसवितात. जादा पाणी वाहून जाण्यासाठी सांडवा असतो, तर शेतीसाठी पाणी सोडण्याकरिता बांधाच्या तळातून विमोचक काढलेला असतो.

मातीच्या बांधातून थोडेफार पाणी झिरपतच असते. ते स्वच्छ असेल आणि त्याचे प्रमाण स्थिर असेल, तर सहसा धोका नसतो. पाणी गढूळ येऊ लागले, तर ते बांधातील माती बरोबर घेऊन येत आहे असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी आतल्या आत पोकळी तयार होते, ती वाढत जाते आणि अखेर वरचा भराव खचतो. विमोचकाचे बांधकाम व माती यांचा सांधा, कुजलेली झाडांची मुळे आणि प्राण्यांची बिळे ही अशा गळतीची नेहमीची ठिकाणे आहेत.

दुसरे प्रमुख कारण म्हणजे पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहणे. सांडवा अपुरा असला किंवा गाळाने व झुडपांनी तुंबला, तर पाणी माथ्यावर चढते आणि वाहत्या पाण्यापुढे मातीचा उतार टिकत नाही. गुजरातमधील मच्छू नदीवरील धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी याच कारणाने फुटले व मोरबी शहराचा विध्वंस झाला.

महाराष्ट्रातील प्रमुख घटना

पानशेत : मुठा नदीच्या खोऱ्यात अंबी नदीवर बांधलेल्या या मातीच्या धरणात काम पूर्ण होण्यापूर्वीच, १९६१ च्या पावसाळ्यात, पाणी साठले. विमोचकाचे काम अपुरे होते व त्यावरील भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून बांध सावरण्याचा प्रयत्न केला. तरीही १२ जुलै १९६१ च्या सकाळी धरण फुटले. पाण्याचा लोंढा खालच्या बाजूस असलेल्या खडकवासला धरणावर आदळला आणि त्याच दिवशी तेही जुने दगडी धरण फुटले. पुण्यातील नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, हजारो कुटुंबे बेघर झाली. शहराला पाणी पुरविणारे खडकवासलाच नष्ट झाल्याने पूर ओसरल्यावर पिण्याच्या पाण्याची टंचाई निर्माण झाली. चौकशीसाठी प्रथम न्या. बावडेकर व त्यांच्या निधनानंतर न्या. नाईक यांचा आयोग नेमण्यात आला. दोन्ही धरणे पुढे पुन्हा उभारण्यात आली.

तिवरे : चिपळूण तालुक्यातील हे लहान धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि पायथ्याजवळची भेंदवाडी ही वस्ती वाहून गेली. धरणाला गळती असल्याची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. खेकड्यांनी बांध पोखरल्याचे विधान तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी केले व त्यावर मोठी टीका झाली.

मेघोली : भुदरगड तालुक्यातील हा प्रकल्प १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री फुटला. एका महिलेचा मृत्यू झाला, जनावरे वाहून गेली आणि खालच्या गावांतील शेतजमिनीचे मोठे नुकसान झाले. हे गाव वेदगंगेच्या खोऱ्यात आहे. याच नदीच्या काठी, कागल तालुक्यात, मुरगूड हे शहर वसले आहे.

तिवरे आणि मेघोली येथील बांध रात्री फुटले. लहान धरणांच्या बाबतीत पायथ्याजवळच्या वस्तीला बाहेर पडण्यास मिळणारा वेळ अत्यल्प असतो. त्यामुळे प्रत्यक्ष फुटीच्या वेळी दिलेल्या इशाऱ्यापेक्षा आधी दिसलेल्या गळतीची दखल घेणे अधिक महत्त्वाचे ठरते.

इतर प्रकारची घातक सरोवरे

कॅमेरूनमधील न्योस सरोवराच्या तळाशी विरघळलेला कार्बन डायऑक्साइड २१ ऑगस्ट १९८६ रोजी एकाएकी बाहेर पडला आणि सुमारे १,७०० लोक गुदमरून मृत्युमुखी पडले. त्यानंतर वायू हळूहळू बाहेर काढण्यासाठी सरोवरात नळ बसविण्यात आले. हिमालयात हिमनद्यांच्या वितळण्यातून बनलेली सरोवरे फुटण्याचा धोका असतो. सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवर ऑक्टोबर २०२३ मध्ये फुटून तिस्ता नदीला महापूर आला व चुंगथांग येथील धरण उद्ध्वस्त झाले.

सुरक्षा आणि कायदा

भारतातील सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत. राज्याच्या धरण सुरक्षितता संघटनेचे कार्यालय नाशिक येथे आहे. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ नुसार पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर धरणाची तपासणी करणे आणि आपत्कालीन कृती आराखडा तयार करणे बंधनकारक आहे. मात्र हा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, तसेच विशिष्ट अटी पूर्ण करणाऱ्या १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. त्याहून कमी उंचीचे गावतलाव व पाझर तलाव त्याच्या कक्षेबाहेर राहतात. अशा ठिकाणी सांडवा मोकळा ठेवणे, बांधावरील झाडे वाढू न देणे, बिळे बुजविणे आणि पायथ्याशी येणारे पाणी गढूळ झाल्यास तत्काळ कळविणे हेच संरक्षणाचे मुख्य उपाय आहेत.