जळालेल्या नौकेची किंमत

लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायालयात ५ सप्टेंबर २०१९ रोजी एक अर्ज दाखल झाला. अर्जदार होते 'कन्सेप्शन' या डायव्हिंग-नौकेचे मालक. तीनच दिवसांपूर्वी, २ सप्टेंबरच्या पहाटे, कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ बेटाजवळ नांगरलेली ही ७५ फुटी नौका पेटली आणि बुडाली. ३३ प्रवासी आणि एक कर्मचारी असे ३४ जण गेले; त्यांत नागपूरशी नाते असलेली माणसेही होती. अर्जाच्या तारखेला एक मृतदेह अजून समुद्रातच होता. तो ११ सप्टेंबरला सापडला.

अर्जात मांडणी अशी: नौका सागरप्रवासास योग्य होती, मालकांनी वाजवी काळजी घेतली होती, आणि दायित्व निघालेच तर ते नौकेच्या दुर्घटनेनंतरच्या किमतीपुरते धरावे. ती किंमत शून्य.

याला आधार १८५१च्या कायद्याचा. १८४० साली 'लेक्झिंग्टन' ही आगबोट लाँग आयलंड साउंडमध्ये जळाली आणि तिच्यावरची एका बँकेची नाणी बुडाली. १८४८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या नाण्यांची भरपाई बोटीच्या कंपनीवर टाकली. जहाजमालक धास्तावले आणि तीन वर्षांत अमेरिकी काँग्रेसने त्यांना हे कवच दिले.

यात सर्वांत अन्यायाचा भाग मला विम्याचा वाटतो. १८८६ साली 'सिटी ऑफ नॉर्विच' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, नौकेच्या विम्याची रक्कम या मर्यादित निधीत धरायची नाही. म्हणजे नौकेचा विमा मालकाच्या हाती पडतो आणि गेलेल्यांच्या वारसांमध्ये वाटायला उरतो तो तळाशी गेलेला सांगाडा आणि त्या फेरीचे येणे भाडे. दायित्वाचा विमा वेगळा असतो, पण तो मालकाच्या दायित्वाला बांधलेला. मालकाचे देणे शून्यावर आले, की विमा कंपनीलाही फारसे काही मोजावे लागत नाही.

कवचाला एक अट मात्र आहे. ज्या चुकीमुळे दुर्घटना घडली ती मालकाला ठाऊक असेल किंवा तीत त्याचा हात असेल, तर मर्यादा लागू होत नाही. म्हणून अर्जाशेजारी आणखी दोन कागद ठेवून वाचायला हवेत.

पहिला तटरक्षक दलाने या नौकेला दिलेला तपासणी दाखला. प्रवासी झोपले असताना रात्रभर फिरता पहारा ठेवावा, ही अट त्यातच आहे. दुसरा राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा ऑक्टोबर २०२०चा अहवाल. आग लागली तेव्हा सहाही कर्मचारी झोपलेले होते, कुणी पहाऱ्यावर नव्हते. प्रवासी डेकखालच्या बंकांत होते. तिथून वर येणारा जिना आणि आणीबाणीचे दार, दोन्ही वाटा वरच्या एकाच दालनात निघत, आणि आग त्याच दालनात होती. ठिणगी कशाची, हे ठरवता आले नाही. पण कंपनीच्या इतर नौकांवरही रात्रीचा पहारा नियमितपणे चुकवला जात होता, असे मंडळाने नोंदवले आणि दुर्घटनेच्या कारणात मालक कंपनीच्या ढिल्या देखरेखीवर बोट ठेवले. एका रात्रीची एका कप्तानाची हयगय मालकाला कळणार नाही, हे मान्य करता येईल. सगळ्या नौकांवरची सवय त्याला ठाऊक नव्हती, हे मला पटत नाही.

फौजदारी बाजू कप्तानावर गेली. नोव्हेंबर २०२३मध्ये तो दोषी ठरला आणि मे २०२४मध्ये त्याला चार वर्षांची कैद झाली. ज्या कायद्याखाली तो दोषी ठरला, तोही अमेरिकी यादवी युद्धापूर्वीच्या आगबोटींच्या काळातला.

१८५१च्या कायद्याला अखेर डिसेंबर २०२२मध्ये कात्री लागली. मुक्कामाच्या देशांतर्गत सफरीत ४९पर्यंत आणि दिवसाच्या सफरीत १५०पर्यंत प्रवासी नेणाऱ्या छोट्या नौकांच्या मालकांना आता ही मर्यादा मागता येत नाही. पण दुरुस्ती मागील प्रभावाने लागू नाही, त्यामुळे 'कन्सेप्शन'वरच्या कुटुंबांचे दावे जुन्याच कायद्याखाली राहिले.