बुर्जी कुठे गेली?

आपल्याकडच्या जुन्या, देशी पद्धतीच्या बुद्धिबळात एक शब्द होता: बुर्जी. एकाची सगळी मोहरी आणि प्यादी मारली गेली, पटावर नुसता राजा उरला, की डाव बुर्जी. म्हणजे बरोबरी. समोर वजीर असो की दोन हत्ती, सैन्य संपलेल्या राजावर मात चालत नसे. त्यामुळे जिंकत आलेल्याला उलटीच कसरत करावी लागे. शत्रूचं एखादं प्यादं जपायचं आणि ते जिवंत असतानाच मात द्यायची.

युरोपीय नियम रुळले आणि बुर्जी गेली. आता एकट्या राजालाही मात होते.

मग घड्याळ आलं. 1883 च्या लंडन स्पर्धेत दोन तबकड्यांचं यांत्रिक घड्याळ वापरलं गेलं. वेळ संपला की डाव गेला. पण याला एक अपवाद आहे. तुमचा वेळ संपला आणि समोरच्याकडे फक्त राजा असेल, तर डाव बरोबरीत सुटतो, कारण एकटा राजा मात देऊ शकत नाही. बुर्जी अशी मागच्या दाराने परत आली. फरक इतकाच की पूर्वी ती एकट्या राजाला वाचवायची, आता त्याच्यासमोर बसलेल्याला वाचवते.

अहेरीत रात्री मोबाईलवर 3 मिनिटांचा डाव लावणाऱ्याला हे माहीत हवं. समजा, तुमच्याकडे हत्ती आहे, समोर एकच प्यादं आहे आणि घड्याळात 2 सेकंद उरलेत. हत्ती देऊन ते प्यादं मारा. वेडेपणा वाटेल, पण दोन्ही राजे एकटे पडले की डाव तिथेच बरोबरीत संपतो. प्यादं राहिलं आणि वेळ संपला, तर हत्ती असूनही तुम्ही हरलात.

ही घाई कमी करायला बॉबी फिशरने प्रत्येक चालीला काही सेकंद वाढवून देणारं घड्याळ सुचवलं. 1992 च्या स्पास्कीविरुद्धच्या सामन्यात ते वापरलं गेलं. पण वाढीव सेकंद मिळाले तरी चूक व्हायची ती होतेच.

28 जुलै 2025, बातुमी, जॉर्जिया. महिला विश्वचषकाची अंतिम फेरी. समोरासमोर नागपूरची 19 वर्षांची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी. हंपी 2002 मध्ये ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. शिवाय जलद बुद्धिबळाचं जगज्जेतेपद हंपीने दोनदा जिंकलेलं. दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटले, पहिला जलद डावही. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. वेळेच्या ओढाताणीत हंपी चुकली आणि दिव्या जिंकली. त्याच विजयाने ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली.

जिंकल्यावर तिने सांगितलं, की शेवटात आपला गोंधळ झाला, एंडगेम शिकायला हवेत. जुन्या बैठकीत कोणतं प्यादं जिवंत ठेवायचं हे ठरवायला अख्खी दुपार मिळे. तिला सेकंद मोजून मिळाले होते.