साइकाकूच्या कथांतील ‘कोशोकु’ : एक शब्द, दोन न्याय

जपानी कथावाङ्मयाच्या इतिहासात इहारा साइकाकू (१६४२–१६९३) याचे स्थान नव्या युगाच्या प्रवर्तकाचे आहे. ओसाका नगरीतील या हायकाई-कवीने वयाच्या चाळिशीत गद्यलेखनास आरंभ केला आणि तोकुगावा राजवटीत धनाढ्य होत चाललेल्या, परंतु राजसत्तेपासून दूर ठेवलेल्या व्यापारी-कारागीर वर्गाला कथेत आणले. त्याच्या तीन प्रमुख ग्रंथांच्या शीर्षकांत ‘कोशोकु’ हा एकच शब्द येतो. त्याचा मागोवा घेतल्यास त्या समाजातील स्त्रीपुरुषविषयक कल्पनांवर बराच प्रकाश पडतो.

‘कोशोकु’ हा शब्द दोन चिनी अक्षरांनी बनला आहे. पहिल्याचा अर्थ ‘आवडणे’. दुसऱ्याचा मूळ अर्थ ‘रंग’, त्यावरून रूप आणि प्रणय. मराठीतील ‘रंगेल’ या शब्दातही रंगावरून विलासाकडे झालेला असाच अर्थविस्तार दिसतो. शब्दाला लिंग नाही. तथापि त्याच्या वाट्याला येणारे फळ लिंगानुसार बदलते.

१६८२ च्या ‘कोशोकु इचिदाई ओतोको’ या कादंबरीचा नायक योनोसुके वयाच्या ५४ व्या वर्षापर्यंत ३,७४२ स्त्रियांचा आणि ७२५ कुमारांचा उपभोग घेतो आणि साठाव्या वर्षी सोबत्यांसह स्त्रीद्वीपाच्या शोधार्थ जहाज हाकारतो. अखेरीस त्याला ना दंड होतो, ना पश्चात्ताप.

१६८६ च्या ‘कोशोकु गोनिन ओन्ना’ मधील पाच नायिकांची गती मात्र निराळी आहे. प्रियकराला देहदंड झाल्यावर ओनात्सूला वेड लागते व अखेर ती भिक्षुणी होते. पंचांगकाराची पत्नी ओसान हिला वधस्तंभ, तर भाजी-व्यापाऱ्याची कन्या ओशिची हिला प्रियकराच्या भेटीसाठी आग लावल्याबद्दल अग्निदंड मिळतो. विवाहित स्त्रीचा व्यभिचार हा तिला व तिच्या जाराला मृत्युदंडास पात्र करणारा अपराध होता. पुरुषाने परवानाप्राप्त गणिकावस्तीत जाणे हा मात्र अपराध नव्हता.

या दृष्टीने पिंपे बनविणाऱ्या कारागिराची पत्नी ओसेन हिची कथा विशेष विचारार्ह आहे. शेजारच्या घरी काम करीत असता फळीवरील भांडे पडून तिचे केस विस्कटतात. एवढ्यावरून घरधनीण आपल्या पतीशी तिचा संबंध जोडून तिला दूषणे देते. निरपराध ओसेन मग ठरविते की, कलंक लागलाच आहे, तर तो खरा करावा. पुढे पकडली जाताच ती पतीच्याच धंद्यातील हत्याराने प्राण देते. येथे वासना संशयातून जन्मते. स्त्रीचे शील तिच्या आचरणापेक्षा शेजारणीच्या जिभेवर अवलंबून होते, हे साइकाकूने उपदेश न करता दाखविले आहे.

पाचवी कथा सुखान्त आहे. कुमारांवर आसक्त असलेल्या गेंगोबेईला वश करण्यासाठी ओमान कुमाराचा वेष घेते. पुरुषत्व हे येथे वस्त्राप्रमाणे परिधान करण्याजोगे ठरते. परंतु तिच्या मातापित्यांची संपत्ती हाती येताच गेंगोबेईच्या मनात विचार येतो तो महानगरांतील गणिका विकत घेण्याचा! सुखान्ताचे स्वामित्वही अखेर पुरुषाकडेच जाते.

त्याच वर्षीच्या ‘कोशोकु इचिदाई ओन्ना’ मध्ये एक वृद्धा स्वमुखाने आपली कहाणी दोन तरुणांना सांगते. उच्च कुळापासून गणिकेच्या सर्वोच्च पदापर्यंत आणि तेथून रस्त्यावरील देहविक्रयापर्यंत तिची घसरण होते. पाचशे अर्हतांच्या मूर्तींत तिला आपल्या गतकाळातील पुरुषांचे चेहरे दिसतात. निवेदन स्त्रीचे असले, तरी लेखणी पुरुषाची आहे, याचा विसर पडता कामा नये.

म्हणून साइकाकूला स्त्रीमुक्तीचा पुरस्कर्ता म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. केवळ नीतिपाठ देणारा म्हणणेही अन्यायाचे. दंडविधान त्याने बदलले नाही. परंतु पुरुषाच्या शीर्षकातील शब्द जसाच्या तसा स्त्रीला लावून, एकाच इच्छेची दोन मोले त्याने वाचकापुढे शेजारी-शेजारी मांडली. त्याच्या कथांचे ऐतिहासिक महत्त्व या मांडणीत आहे.