चक्रवाकाचे जोडपे

दिवाळीच्या पुढेमागे, ऊन वर येण्याआधी, जवळच्या तळ्यावर एक चक्कर टाका. पाणी उथळ आणि काठ उघडा असेल तर भगव्या अंगाची, फिकट डोक्याची दोन मोठी बदके शेजारी शेजारी उभी दिसण्याचा पुष्कळ संभव आहे. हाच चक्रवाक. मादीचा चेहरा अधिक पांढुरका असतो. नराच्या गळ्यात विणीच्या दिवसांत काळा गोफ दिसतो. गुरुजींनी मुलांना ही खूण दाखवावी, म्हणजे जोडी ओळखता येईल.

आपल्या वाङ्मयात हे पाखरू फार जुने. अथर्ववेदाच्या विवाहसूक्तात वधूवरांनी चक्रवाकांच्या जोडीसारखे राहावे, अशी इंद्राला विनंती आहे. पुढे कवींनी या जोडीला शाप दिला: दिवसा एकत्र, रात्री ताटातूट. 'शाकुंतला'त रात्र झाल्याचा इशारा चक्रवाकीलाच मिळतो, आणि 'मेघदूता'तली यक्षपत्नी एकट्या चक्रवाकीसारखी झुरते. आमचे ज्ञानोबाराय तर सोळाव्या अध्यायाच्या आरंभी गुरुरूपी सूर्य उगवतात आणि नदीच्या दोन थडींवर आक्रोश करणाऱ्या या जोडीची भेट घडवतात.

ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, प्रवरेकाठच्या नेवाशाला. मग ज्ञानेश्वरांनी हा पक्षी नुसत्या पोथीतून घेतला, की नदीवर पाहिलाही? माझे मत विचाराल, तर पाहिला असावा. हिवाळ्यात वाळवंटी पात्राच्या नद्या त्याला आवडतात, आणि प्रवरा-गोदावरी तर दारातच होत्या. शापाच्या कथेलाही थोडा आधार आहे, बरे का! हा पक्षी बराचसा रात्री चरतो. चरता चरता दोघे पांगतात आणि अंधारात एकमेकांना साद घालतात. काठावर झोपलेल्या माणसाला तो विरह वाटला, तर नवल काय?

फाल्गुन-चैत्रात मात्र हे पाहुणे निघून जातात. कोठे? आपल्याकडे कोणाला त्यांचे घरटे कधी सापडले नाही, कारण अंडी घातली जातात लडाखात, तिबेटात आणि त्यापलीकडच्या मध्य आशियात, कड्याच्या कपारीत नाहीतर बिळात. पक्षी जातात कोठे, हा प्रश्न सगळ्या जगालाच पडला होता. काही पाखरे हिवाळाभर बिळात निजतात, असे ॲरिस्टॉटलसारखा पंडित लिहून गेला. 1822 साली जर्मनीत एक करकोचा सापडला. त्याच्या मानेत आफ्रिकेतला बाण आरपार रुतलेला होता! 1899 साली डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने पाखरांच्या पायांत क्रमांकाची ॲल्युमिनियमची कडी घालण्याची पद्धत सुरू केली. आपल्याकडे 1960 च्या सुमारास डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीने हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. म्हणून 'गेल्या सालचीच जोडी परत आली' असे कोणी म्हणाले, तर आधी विचारावे, पायात कडे होते काय? जोडी वर्षानुवर्षे टिकते, असे जाणकार मानतात. पण कड्यावाचून ओळख पटत नाही.

शिकाऱ्यांचा याच्यावर राग असे. मांस बेचव, आणि माणूस दिसताच ओरडून बाकीच्या बदकांना उठवून लावणार. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो प्रश्न कागदावर तरी मिटला. खरा फरक पडला तो पाण्यामुळे. पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 साली झाली, 1976 साली उद्घाटन झाले. नाथसागराखाली गावे गेली, काळी जमीन गेली. माणसांना उठावे लागले, आणि पाखरांना मैलोगणती उथळ काठ मिळाला. 1986 साली ते पक्षी अभयारण्य झाले. ज्यांचे शेत बुडाले, त्यांना या योगायोगाचे कौतुक वाटावे अशी अपेक्षा धरणे बरे नव्हे.

पाणी ओसरले की त्याच काठावर गाळपेर होते. गव्हाचे कोवळे अंकुर वर येतात आणि चक्रवाक त्यांत चरायला उतरतात. राखणदार हाकारा घालतो, जोडी 'आँग, आँग' करीत उठते आणि पलीकडच्या थडीला जाऊन बसते.