गुलामांच्या मालकीचे व वारशाचे दस्तऐवज (व्हर्जिनिया)

अमेरिकेतील व्हर्जिनियात मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या व वाटणीपत्रे यांतून गुलामांची मालकी नोंदवली जाई. मालक वारल्यावर न्यायालयाने नेमलेले पंच गुरेढोरे, भांडीकुंडी यांच्याच यादीत माणसांची नावे लिहून पुढे किंमत मांडत. आडनाव बहुधा नसेच. १६६२च्या कायद्याने मूल आईच्या स्थितीला बांधले गेले. त्यामुळे एखाद्या स्त्रीबरोबर तिची पुढे होणारी मुलेही मृत्युपत्रात वारसाला देऊन टाकलेली आढळतात.

जॉर्ज वॉशिंग्टनचे कागद या व्यवहाराची गुंतागुंत उघड करतात. १७९९ साली त्याने केलेल्या यादीत त्याच्या माउंट व्हर्नन या मळ्यावरील ३१७ गुलाम आहेत. पैकी १५३ जण पत्नी मार्थाच्या पहिल्या पतीच्या, म्हणजे कस्टिस घराण्याच्या, इस्टेटीतले. त्यांना मुक्त करण्याचा अधिकार दोघांनाही नव्हता. वॉशिंग्टनच्या मृत्युपत्राने विल्यम ली हा त्याचा गुलाम सेवक तत्काळ मुक्त झाला, त्याला सालिना ३० डॉलर मिळाले. त्याच्या मालकीच्या इतरांना मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्ती मिळायची होती. तिने ती १ जानेवारी १८०१ रोजीच दिली. कस्टिस इस्टेटीतले गुलाम मात्र १८०२ मध्ये ती वारल्यावर तिच्या नातवंडांत वाटले गेले. दोन्ही गटांत आपापसांत लग्ने झालेली असल्याने कित्येक कुटुंबे फुटली. वंशावळी शोधणाऱ्या आफ्रिकी-अमेरिकनांना आज याच मालकांच्या कागदांवर विसंबावे लागते.