पाच गाड्यांची गोष्ट

‘१९२९ च्या जागतिक मंदीचे परिणाम लिहा’ हा प्रश्न आपण सर्वांनी पाठ करून सोडवला. पाच मुद्दे, पाच गुण. त्या मुद्द्यांचा खरा अर्थ मला मात्र फार उशिरा, एका मोटारीमुळे कळला. ती मोटार म्हणजे पिअर्स-अ‍ॅरो कंपनीची ‘सिल्व्हर अ‍ॅरो’.

अमेरिकेतील बफेलो शहरात जॉर्ज पिअर्स यांचा कारखाना आधी पक्ष्यांचे पिंजरे बनवीत असे. पुढे सायकली आल्या आणि १९०१ पासून मोटारी. १९०९ मध्ये तर या गाड्या थेट व्हाइट हाउसच्या दारात उभ्या राहिल्या. मडगार्डमध्येच बसवलेले पुढचे दिवे ही त्यांची ओळख.

मग मंदी आली. श्रीमंत गिऱ्हाईकही हात आखडू लागले. १९२८ पासून कंपनी स्टुडबेकरच्या ताब्यात होती. बुडती विक्री सावरण्यासाठी जानेवारी १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात सिल्व्हर अ‍ॅरो मांडली गेली. आराखडा फिलिप राइट यांचा. बारा सिलिंडरचे, १७५ अश्वशक्तीचे इंजिन, मागे उतरत गेलेले छत, पायरीच्या फळ्या नाहीत, जादा चाकेही पुढच्या मडगार्डमागे लपवलेली. १९४० सालची गाडी १९३३ मध्येच, अशी तिची जाहिरात होती.

किंमत १०,००० डॉलर. तेव्हा फोर्डची गाडी सुमारे ५०० डॉलरला मिळे आणि अमेरिकेत चारांतला एक कामगार बेकार होता. पाहणारे पुष्कळ, घेणारे कुठून येणार? अशा फक्त पाच गाड्या बनल्या.

त्याच मार्चमध्ये स्टुडबेकरचे दिवाळे निघाले. बफेलोतील व्यावसायिकांनी पिअर्स-अ‍ॅरो विकत घेतली. प्रतिस्पर्धी पॅकार्डने १९३५ मध्ये स्वस्त मॉडेल काढून तग धरला. पिअर्स-अ‍ॅरो मात्र महागड्या गाड्याच बनवत राहिली आणि १९३८ मध्ये बंद पडली. ज्या १९४० चे स्वप्न तिने दाखवले, ते साल उजाडले तेव्हा कंपनीच नव्हती.

त्या पाचांपैकी तीन गाड्या आज शिल्लक आहेत. ‘मंदीमुळे मागणी घटली’ हे वाक्य आपण किती सहज लिहून मोकळे झालो! त्यात एका शहराच्या कारागिरांचे हातचे काम गेले, हे उत्तरपत्रिकेत कधी लिहिले नाही. म्हणून आज या स्मरणिकेत लिहिले.